ॲव्हरेज वाढवून द्या

मंचरला जुन्या हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं विकतात. मी हयातभर लहान गाड्या दुरुस्त केल्या. पेट्रोलवर चालणाऱ्या, चार माणसांच्या, घरातल्या सगळ्यांनी मिळून नवी म्हणून घेतलेल्या किंवा पुण्यातल्या पावण्याकडून जुनी म्हणून उचललेल्या. या गाड्यांचे मालक माझ्याकडे आले की गाडीला काय झालंय ते नंतर सांगायचे. आधी विचारायचे, "मिस्त्री, ही किती द्यायला पायजे?"

म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर. आमच्याकडे त्याला ॲव्हरेज म्हणतात. हा आकडा कुणी खरा सांगत नाही. चहाच्या टपरीवर उभं राहिलं की प्रत्येकाची गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा थोडी जास्तच देते. मग हा माणूस घरी जातो, रात्रभर तळमळतो आणि सकाळी माझ्या दारात गाडी आणून उभी करतो. "बाकी काय करू नका. फक्त ॲव्हरेज वाढवून द्या."

पूर्वीच्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. त्याचा स्क्रू थोडा फिरवला की पेट्रोल कमी जायचं, गाडी जरा मरतुकडी चालायची, पण मालक खूश. आताच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवतो. फिरवायला स्क्रूच उरला नाही. पण गिऱ्हाइकाला स्क्रू हवा असतो. त्याला मी सांगायचो की चाकांत हवा नीट ठेव, एअर फिल्टर साफ ठेव, कारण मार्केट यार्डात कांद्याची टरफलं आणि धूळ इतकी की गाडीचं नाक चोंदतं. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नको. पुढं गर्दी दिसली तर आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ, शेवटपर्यंत पळवून मग कचकन ब्रेक मारू नको. हे ऐकून त्याचं तोंड पडायचं. एवढं तर मलाही कळतं, असं तोंड. कळत सगळ्यांनाच होतं. करत कुणी नव्हतं.

एकदा कांद्याचा एक अडत्या आला. दिवाळीपासून ॲव्हरेज पडलं म्हणाला. मी गाडीखाली शिरायच्या आधी डिकी उघडली. आत दगडी जातं! सासूबाईंचं जातं पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायला म्हणून घेतलं होतं आणि ते तसंच फिरत होतं, आळेफाट्यापासून पुण्यापर्यंत. शेजारी जुना वजनकाटा आणि लग्नातल्या मोठ्या पातेल्यांचा एक संच. मी म्हणालो, "शेठ, हे उतरवा, ॲव्हरेज आपोआप वाढंल." त्यांना ते आवडलं नाही. इंजिनात काहीतरी निघायला हवं होतं. डिकीतला बिघाड त्यांना घरी सांगता येण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं आळेफाट्याच्या एका हॉटेलसमोर फिरत्या विक्रेत्याकडून चुंबक घेतलं होतं. पेट्रोलच्या पाइपला बांधायचं, की म्हणे पेट्रोल जास्त चांगलं जळतं. मी नको म्हणालो तरी त्यानं ते माझ्यासमोर बांधलं आणि काही दिवसांनी पेढे घेऊन आला. ॲव्हरेज खरंच वाढलं होतं. कसं वाढलं ते मला कळायला वेळ लागला नाही. चुंबकाचा गुण बघायचा म्हणून हा माणूस इतके दिवस हळू आणि शहाण्यासारखा गाडी चालवत होता. मी तेच वर्षभर सांगत होतो. पेढे चुंबकाला मिळाले.

अशा गोष्टींवर मी हसत होतो. या ॲव्हरेजपायी कुणाचा जीव जाईल असं तेव्हा डोक्यात नव्हतं.

नामदेवभाऊ माझ्याच गल्लीच्या टोकाला राहतात. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. माझ्यापेक्षा वयानं मोठे, त्यामुळे मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ते मला अशोक. नोकरीत त्यांच्या हातून कधी अपघात झाला नव्हता आणि डिझेल वाचवणारा ड्रायव्हर म्हणून त्यांचा सत्कारही झाला होता. सत्कारातलं घड्याळ त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. माणूस खरोखर गुणी. गाडी चालवताना त्यांच्या शेजारी बसलं की आपण गाडीत आहोत हे विसरायला व्हायचं. धक्का नाही, हिसका नाही. कमलवहिनी मागच्या सीटवर बसून सगळ्या प्रवासात खुशाल गहू निवडतील, असं मी गमतीनं म्हणायचो.

रिटायर झाल्यावर त्यांनी लहान गाडी घेतली आणि ॲव्हरेजचा नाद लागला. नोकरीत डिझेल वाचवलं त्याचं कौतुक व्हायचं. आता कौतुक करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायचे असं मला वाटतं. उन्हाळ्यात वहिनी घामानं भिजायच्या, पण एसी बंद. वहिनींनी काच खाली केली की म्हणायचे, "काच लाव, वाऱ्यानं गाडी अडती." संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचे आणि आजचा आकडा सांगायचे. मला त्यांचा सहवास आवडायचा. माझ्या धंद्यातलं बोलणं समजणारा दुसरा माणूस गल्लीत नव्हता.

एकदा आम्ही दोघं पुण्याहून त्यांच्या गाडीनं येत होतो. खेडच्या घाटाचा उतार लागला तसं त्यांनी गिअर न्यूट्रलला टाकला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गाडी निवांत, न बोलता खाली सुटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. जादूगार टोपीतून ससा काढल्यावर बघतो तसं.

मी म्हणालो, "भाऊ, गाडी चालू करा."

"का रं? भ्या वाटतं व्हय?"

"वाटतं. या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या जिवावर लागतो. तुमच्या पायाला जोर देणारी एक डबी असती, तिला इंजिन चालू लागतं. बंद गाडीत एक-दोन दाब लागतात, मग पॅडल दगडासारखं व्हतं. स्टेअरिंगबी जड पडतं."

"आरं, मी एवढी मोठी गाडी घाटातनं उतरवलीय."

"तिचा ब्रेक हवेवर असतो, टाकीत हवा साठलेली असती. ही वेगळी. आन् बंद करून वाचत काय न्हाई. गिअरमध्ये ठेवा आन् ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, उताराला ही आपणहून पेट्रोल बंद करती. चाकंच इंजिन फिरवत्यात."

ते हसले. "तू मला गाडी शिकवतो?"

शिकवत नव्हतो. पण त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं आणि उरलेला घाट आम्ही तसाच उतरलो. मला वाटलं, ऐकलं. नंतर एकदा वहिनींना सहज विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी सांगून थकले, भाऊजी. उतार दिसला की बंद करत्यात. म्हणत्यात, गप ऐक, कशी शांत चालती." मी परत भाऊंना बोललो. त्यावर ते माझ्याकडे काही दिवस आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच आले. ॲव्हरेज पडलंय म्हणून. मी गाडी सपाट जागेवर न्यूट्रलला ठेवून हातानं ढकलली. जड गेली. मागचं एक चाक उचलून फिरवलं तर ते अडखळत होतं. त्या चाकाचा ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नव्हता, सतत थोडा धरून होता. गाडी आपलाच ब्रेक ओढत चालली होती, मग पेट्रोल जाणारच. मी चाक खोललं, आतली साफसफाई केली, दोन्ही बाजूंचे ब्रेक शू बदलले, चाक मोकळं फिरतंय आणि दाबल्यावर जागच्या जागी थांबतंय हे दहादा बघितलं. मग भाऊंना शेजारी बसवून घोडेगावच्या रस्त्यानं चक्कर मारली. त्यांनी स्वतः चालवून जोरात ब्रेक मारला. गाडी जमिनीला चिकटल्यासारखी उभी राहिली.

"आता देईल," भाऊ म्हणाले. चहा पाजला त्यांनी. आमचा तो शेवटचा चहा.

काही दिवसांनी भाऊ आणि वहिनी तळेघरच्या बाजूला ओळखीच्यांकडे लग्नाला गेले. दुपारी परत निघाले. वाटेत पोखरीचा घाट आहे, तो उतरून खाली डिंभ्याच्या धरणाकडे यायचं. मे महिन्यात त्या घाटात वळणावळणावर वरच्या वाड्यांतल्या आदिवासी बाया करवंदांच्या पाट्या घेऊन बसतात. त्यांतल्या एका वळणावर चिमाबाई नावाची बाई होती. तिची पाठ रस्त्याकडे होती आणि ती पाटीवर पळसाची पानं झाकत होती. भाऊंची गाडी वळणावर आली ती वळलीच नाही. चिमाबाईला चिरडून दगडी कठड्यावर आदळली. तिथंच चिमाबाई गेली. वहिनींचा गुडघा फुटला. भाऊंच्या छातीला मार बसला, पण ते शुद्धीवर होते.

भाऊंनी पोलिसांना सांगितलं, "ब्रेक फेल झाला. गेल्याच आठवड्यात मंचरला मिस्त्रीकडनं काम करून घेतलं व्हतं."

मला हे बाजारात कळलं. दूधवाल्यानं किटलीतून दूध ओतता ओतता विचारलं, "काय मिस्त्री, भाऊंच्या गाडीचं काय केलं तुमी?" संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट तयार झाली होती. ॲव्हरेज वाढवायच्या नादात मिस्त्रीनं ब्रेक ढिले सोडले. गोष्ट लोकांना पटण्यासारखी होती हेच वाईट. मी ॲव्हरेजसाठीच ब्रेक खोलले होते ना? आणि अपघात कधी न केलेला ड्रायव्हर एकीकडे, नि हात काळे असलेला मिस्त्री दुसरीकडे. ज्यांच्या गाड्या मी त्यांच्या लग्नापासून सांभाळल्या, त्यांनी रस्त्यात मान वळवली. आमच्या जातीचं नाव घेऊन, "त्यांच्या हातात गाडी द्यायचीच कशाला," असंही एका दुकानाच्या ओट्यावर बोलणं झालं. ते मला सांगायला आलेला माणूसही नंतर गाडी घेऊन आला नाही.

मी भाऊंना भेटायला गेलो. दवाखान्यातून घरी आले होते. दारात त्यांचा पुतण्या उभा होता. "काका झोपलेत," म्हणाला. आतून मला भाऊंचा खोकला ऐकू येत होता. मी म्हणालो, "त्यांना सांग, अशोक आला व्हता." पुतण्यानं मान हलवली आणि दार लावलं.

पोलिसांनी मला बोलावलं. मी काय काम केलं ते सांगितलं. ज्या दुकानातून शू आणले त्याचं नाव सांगितलं. पुढे आरटीओचे साहेब येऊन गाडी तपासून गेले. त्यांनी लिहून दिलं की ब्रेकमध्ये दोष नाही, ब्रेक ऑइल पूर्ण आहे, पाइप शाबूत आहेत. मला हायसं वाटलं. बायकोला म्हणालो, "सुटलो." पण असले कागद फायलीत जातात, बाजारात येत नाहीत. गॅरेजसमोर गाड्या थांबायच्या त्या शेजारच्या वडापावच्या गाड्यासाठी. मी सकाळी शटर उघडायचो, पाने पुसून ठेवायचो, संध्याकाळी पुन्हा पुसायचो.

मला माहीत होतं काय झालं असेल. भाऊंनी उतार दिसल्यावर इंजिन बंद केलं असणार. वळण आलं, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि मग पॅडल दगड झालं. त्यांना तो ब्रेक फेल झाल्यासारखाच वाटला असणार. म्हणजे पहिल्या दिवशी ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण एवढ्या वर्षांचा ड्रायव्हर, आरटीओचा कागद आल्यावर तरी समजलं असेल की नाही? समजलं असेल. त्यानंतरही ते तेच सांगत राहिले.

एके दुपारी एक बाई गॅरेजमध्ये आली. सरकारी दवाखान्याच्या उपकेंद्रात नर्सबाईच्या हाताखाली काम करते म्हणाली. नाव मंदा. चिमाबाईची मुलगी. मी उभाच राहिलो. तिला बसायला स्टूल दिलं, त्यावरचं ऑइल पुसलं. ती बसली नाही.

"तुमीच ब्रेकचं काम केलं व्हतं ना?"

"हो, मीच."

"मला भांडायचं न्हाई. मला फक्त सांगा, ब्रेक कसा फेल व्हतो? आमच्या घरात कुणालाच गाडीतलं काय कळत न्हाई. जो तो येगळंच सांगतो."

मी तिला काय सांगायचं? एवढे दिवस मला कुणी हे विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, विचारलं हिनं. मी म्हणालो, "बाई, ब्रेक फेल झाला न्हवता. माझ्या अंदाजानं गाडी बंद व्हती."

"बंद? मग चालली कशी?"

"उताराला चालती. इंजिन बंद करून सोडली की आपोआप घरंगळत येती. मग ब्रेक लागत न्हाई नीट."

ती म्हणाली, "म्हंजी आवाजच न्हाई व्हता गाडीचा. मी म्हणतीय, आईला ऐकू कसं आलं न्हाई. तिचे कान चांगले व्हते. लांबून गाडी आली की ती कडंला सरायची." आणि लगेच, "बंद कशापायी केली पण?"

"पेट्रोल वाचवायला."

"किती वाचलं असंल?"

मला खोटं सांगता आलं असतं. थोडं वाचतं असं म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं? मी सांगितलं, "काय सुदिक न्हाई. गाडी चालू ठेवून नुसता पाय उचलला असता तरी तेवढंच लागलं असतं."

तिनं पदर तोंडाला लावला. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "हे तुमी कोर्टात सांगाल?"

सांगितलं. घोडेगावच्या कोर्टात माझी साक्ष झाली. भाऊंच्या वकिलानं मला विचारलं, "तुम्ही त्या वेळी गाडीत होता का?"

"नाही."

"मग गाडी बंद होती हे कशावरून सांगता?"

"त्यांची सवय मला माहीत आहे. माझ्यासमोर केलेलं आहे."

"सवय म्हणजे पुरावा का? का स्वतःच्या कामावरचं बोट दुसरीकडे वळवायचंय?"

मी पिंजऱ्यातून खाली आलो. भाऊ समोरच्या बाकावर मान ताठ ठेवून बसले होते. शर्टाला इस्त्री, दाढी गुळगुळीत. त्या दिवसापासून गावात माझ्या नावात आणखी एक भर पडली. मिस्त्रीनं आधी ब्रेक बिघडवला, मग मित्रावरच उलटला. काहींनी तर मी त्या आदिवासी बाईला फूस लावली असंही ठरवलं.

त्यानंतर एकदा कमलवहिनी गॅरेजवर आल्या. गुडघ्यामुळे काठी घेऊन, थांबत थांबत. बाजारात जाते असं सांगून घरातून निघाल्या होत्या. मी स्टूल दिलं, त्या बसल्या. बराच वेळ हातातली पिशवी नीट करत राहिल्या.

"भाऊजी, तुमच्यावर अन्याय झालाय हे मला ठावं हाय."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"मला कोर्टाचं बोलावणं आलंय. हे म्हणत्यात, तू म्हण, मला झोप लागली व्हती. मला काय ठावं न्हाई म्हण."

"मग?"

"ह्यांच्यासंगं सगळा जन्म गेला, भाऊजी. ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला न्हाई, कधी उपाशी ठेवलं न्हाई. ह्यांना जेलात पाठवून मी घरात कशी बसू? तुमी सांगा."

मी सांगायला हवं होतं की खरं बोला, वहिनी. पण त्या काठी धरून माझ्या गॅरेजमध्ये बसलेल्या असताना मला ते तोंडातून काढता आलं नाही. मी म्हणालो, "तुम्हाला जसं वाटंल तसं करा." त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "मला रागावू नका." मला राग आला होता. त्यांचा नाही, पण आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. त्या गेल्यावर मी शटर ओढून दुपारीच घरी गेलो.

वहिनींच्या साक्षीच्या दिवशी मी कोर्टात गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मागच्या बाकावर बसलो. मंदाही आली होती, माझ्यापुढे दोन बाक सोडून. वहिनी काठी टेकत पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. सरकारी वकिलानं नाव, गाव, नातं विचारलं. मग विचारलं की अपघाताच्या वेळी तुम्ही जाग्या होता की झोपेत.

वहिनींनी भाऊंकडे बघितलं. भाऊ बघत नव्हते.

"जागी व्हते."

"गाडी चालू होती की बंद?"

कोर्टात पंखा फिरत होता, कुणीतरी कागद उलटत होतं. मला वाटलं, आता या म्हणणार, मला त्यातलं काही कळत नाही.

"घाटात पाखरं लई वरडत व्हती," वहिनी म्हणाल्या. "मला सगळी पाखरं ऐकू येत व्हती. गाडी चालू असती तर आली नसती."

जजसाहेबांनी त्यांना पुन्हा नीट सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. ह्यांनी उताराला किल्ली फिरवून गाडी बंद केली, मी नको म्हणाले, मग वळण आलं, ह्यांनी ब्रेक मारला, मारला, मारला, आणि ती बाई. तिथं त्या थांबल्या. त्यांना बसायला सांगितलं गेलं.

बाहेर आलो तेव्हा वहिनींना कोर्टाच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. मंदा पुढं झाली आणि तिनं त्यांचा दंड धरला. दोघी एकमेकींशी काही बोलल्या असतील असं मला वाटत नाही. एकेक पायरी उतरल्या, फाटकातून बाहेर पडल्या आणि स्टँडकडे गेल्या. वहिनींनी मागं वळून बघितलं नाही. भाऊ फाटकाशी उभे होते. त्यांचा वकील निघून गेला होता आणि पुतण्या आलाच नव्हता. अपघातानंतर त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. ऊन मरणाचं होतं. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

इतक्या दिवसांत मला अनेकदा वाटलं होतं की हा माणूस असा उघडा पडलेला मला बघायचाय. तो समोर उभा होता आणि मला काहीच मिळाल्यासारखं वाटलं नाही. मी माझी गाडी फाटकाजवळ आणली, काच खाली केली.

"चला भाऊ, सोडतो."

ते मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले. पूर्वी ते कधी मागं बसले नव्हते. घोडेगाव ते मंचर मी आरशात बघायचं टाळलं. वाटेत ते एकदाच बोलले. "तुझं समाधान झालं?"

मी नाही म्हणालो. खरंच नव्हतं झालं. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. ते उतरले, दार हळू लावलं, ड्रायव्हरनं लावावं तसं. आत न बघता म्हणाले, "परत मला हाक मारू नको."

पुढं निकाल लागला. भाऊंना शिक्षा झाली, त्यावर अपील केलंय, ते जामिनावर घरी असतात. वहिनी कल्याणला मुलीकडे गेल्या त्या तिकडंच राहिल्या. मंदा एकदा पानाच्या द्रोणात करवंदं देऊन गेली, ती मी घेतली पण घरी कुणी खाल्ली नाहीत. गॅरेज चालेना म्हणून मी बंद केलं. निकालानंतर दोन-चार जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, "तुमचं खरं निघालं बरं का, मिस्त्री." पण तोवर त्यांना दुसरे मिस्त्री सापडले होते, आणि गाडी कुठल्या हातात द्यायची याची सवय लागली की माणूस ती मोडत नाही. बायपास झाल्यापासून तर त्या रस्त्यानं तशाही गाड्या कमीच जातात. अधूनमधून कुणीतरी भेटतं आणि विचारतं, ॲव्हरेज वाढवायला काय करू? मी सांगत नाही. म्हणतो, आता माझं गॅरेज नाही.

भाऊ सकाळी एकटे फिरायला जातात. समोरून आले तर मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो. त्यांच्या घराला आता फक्त पुढच्या खोलीत दिवा लागतो. ते घर माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी हाक मारलेली नाही.